आपल्या छातीत-पोटात काय कुठे असतं? (शरीररचनेची तोंडओळख)

हाडकुळी

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवताना मी सुरुवातीला एक खेळ करते. वर्गातल्या एका मुलाला जुना टीशर्ट घालून उभं करायचं आणि बाकीच्यांनी खडूने त्याच्या अंगावर अवयव काढायचे. बारावीला जीवशास्त्रात चांगले मार्क पाडून आलेली मुलं असतात ही. तरी हृदय डाव्या खिशाखाली, मूत्रपिंडं कमरेच्या पट्ट्यावर आणि जठर बेंबीभोवती, ही तीन चित्रं दर वर्षी ठरलेली. नावं आणि कामं तोंडपाठ, पत्ते मात्र चुकलेले.

पत्ते चुकले की दुखण्याचा अंदाजही चुकतो, म्हणून हा धागा. अमुक ठिकाणी दुखतंय तर कोणती गोळी घेऊ, हे कृपया इथे विचारू नका. त्यासाठी तुमचे डॉक्टर आहेत.

आधी एक नियम. शरीररचनेत डावं-उजवं नेहमी त्या माणसाचं धरायचं, बघणाऱ्याचं नाही. माणूस उभा, तोंड समोर, हात अंगालगत, तळवे पुढे. जगभर याच स्थितीत सगळं वर्णन केलं जातं.

आता स्वतःच्या अंगावर हात ठेवून वाचा. गळ्याखालच्या खळगीपासून बोट सरळ खाली आणा. लागतंय ते छातीचं हाड. ते संपतं तिथे मऊ भाग सुरू होतो. तिथून दोन्ही बाजूंना बरगड्यांची कड खाली उतरत जाते. बरगड्यांच्या १२ जोड्या असतात, बायकांना आणि पुरुषांना सारख्याच. वरच्या ७ जोड्या आपापल्या कूर्चेने (लवचिक, मऊ हाडाने) थेट छातीच्या हाडाला जोडलेल्या, पुढच्या ३ वरच्या बरगडीच्या कूर्चेला चिकटलेल्या आणि शेवटच्या २ पुढून मोकळ्या.

बहुतेकांना वाटतं की बरगड्या संपल्या की छाती संपली आणि तिथून पोट सुरू. तसं नसतं. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, म्हणजे श्वासपटल, सपाट नसून वर फुगलेला असतो. पूर्ण श्वास सोडला की उजवीकडे तो पाचव्या बरगडीच्या आसपास पोचतो. म्हणजे पुरुषाच्या स्तनाग्राच्या थोडं खालीच पोटातले अवयव सुरू झालेले असतात. बरगड्यांचा पिंजरा फुप्फुसांइतकाच यकृताला आणि प्लीहेलाही सांभाळतो.

उजवीकडे बरगड्यांच्या आड यकृत, मोठ्या माणसात साधारण दीड किलोचं. त्याच्या खालच्या अंगाला पित्ताशय. डावीकडे वर जठर. त्याच्याही मागे, पार पाठीकडे, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड प्लीहा. निरोगी माणसात प्लीहा हाताला लागत नाही. मलेरियासारख्या आजारात वाढली की बरगड्यांच्या खाली उतरते, म्हणून डॉक्टर श्वास आत घ्यायला सांगून डाव्या बाजूला चाचपतात. जठराच्या मागे स्वादुपिंड आडवं पसरलेलं. मूत्रपिंडं त्याहून मागे, पाठीच्या स्नायूंना टेकून, वरचा भाग शेवटच्या बरगड्यांच्या आड. यकृताने जागा खाल्ल्यामुळे उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा किंचित खाली.

बेंबीभोवती लहान आतड्याची वेटोळी आणि त्यांना तिन्ही बाजूंनी वळसा घालणारं मोठं आतडं. खाली ओटीपोटात मूत्राशय, त्यामागे बायकांत गर्भाशय आणि सगळ्यात मागे गुदाशय.

हृदयाचं निवांत लिहिते. तोवर तुमचे प्रश्न येऊ द्या.

खडीसाखर

वाचताना खरंच बरगड्या मोजल्या. दहापर्यंत आले आणि नवऱ्याने विचारलं काय चाललंय. धागा आवडला, वाचनखूण साठवली.

टेकडीवरचा

हाडकुळीताई, हृदय डावीकडे नसतं म्हणता? मग ठोके डावीकडे का लागतात? राष्ट्रगीताला हात कुठे ठेवायचा?

हाडकुळी

राष्ट्रगीताला आपल्याकडे सावधान उभं राहतात, हात कुठेच ठेवायचा नाही. :)

हृदय छातीच्या मधोमध, हाडाच्या मागे, दोन फुप्फुसांच्या मधे असतं. ते तिरकं बसलेलं आहे, त्यामुळे साधारण दोन तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे आणि एक तृतीयांश उजवीकडे येतो. त्याचं निमुळतं टोक डावीकडे खाली, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या फटीत, छातीच्या भिंतीच्या अगदी जवळ येतं. ठोका तिथे लागतो, म्हणून सगळं हृदयच तिथे आहे असं वाटतं.

हृदयाची खालची बाजू थेट श्वासपटलावर टेकलेली असते आणि पडद्याच्या पलीकडे लगेच जठर. हृदयाच्या मागच्या बाजूला चिकटून अन्ननलिका खाली जाते. हे शेजार लक्षात घेतलं की ॲसिडिटी आणि हृदयविकार यांत गल्लत का होते ते कळतं. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका कित्येकदा छातीत दुखत नाही, छातीच्या हाडाखालच्या खळगीत दुखतो. मळमळ, उलटी, घाम. माणूस म्हणतो काल मिसळ जास्त झाली.

निवांतपणे

आमच्या शेजारच्या काकांचं अगदी हेच झालं. रात्रभर सोडा, ओवा, जिरं. सकाळी दवाखान्यात कार्डिओग्राम काढला तेव्हा कळलं. आता बरे आहेत. मला विचारायचंय ते असं की झटका हृदयात आणि दुखतो डावा हात, जबडा, हे कसं काय? हाताचा काय संबंध?

हाडकुळी

या एका प्रश्नासाठी धागा काढला म्हणा हवं तर.

मेंदूला हृदयाकडून वेदनेची खबर क्वचितच मिळते. बोटाला टाचणी टोचली तर नेमकं कुठल्या बोटाला ते डोळे मिटूनही सांगता येतं, कारण कातडीकडून मेंदूला रोज हजार निरोप जातात. आतल्या अवयवांची तशी सवय नसते. हृदयाकडून वेदना नेणारे तंतू पाठीच्या कण्यात छातीच्या वरच्या चार-पाच मणक्यांच्या पातळीला शिरतात. नेमक्या त्याच पातळ्यांवर छातीच्या कातडीचे आणि दंडाच्या आतल्या बाजूचे तंतूही येतात. एकाच वायरीवर दोन घरांचे फोन असल्यासारखं ते असतं. निरोप आला की मेंदू ओळखीच्या घराचं नाव सांगतो, म्हणजे हाताचं.

बाकी अवयवांचंही असंच. मुतखडा अडकला की दुखणं पाठीत बरगडीखाली सुरू होऊन जांघेकडे उतरतं, पुरुषांत थेट वृषणापर्यंत. कारण गर्भात वृषणं मूत्रपिंडाच्या शेजारीच तयार होतात आणि नंतर खाली उतरतात. उतरताना आपल्या रक्तवाहिन्या आणि नसा (म्हणजे नर्व्ह) तिथूनच ओढून आणतात. स्वादुपिंड पार मागे असल्यामुळे त्याचं दुखणं पाठीत आरपार गेल्यासारखं वाटतं आणि माणूस पुढे वाकून बसतो.

अपेंडिक्समध्ये तर दुखण्याची जागा डोळ्यांदेखत बदलते. सुरुवातीला बेंबीभोवती मोघम दुखतं, कारण अपेंडिक्सचे तंतू बेंबीच्या कातडीच्याच पातळीला कण्यात शिरतात. काही तासांनी सूज बाहेरच्या आवरणाला, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराला भिडते. त्या अस्तराच्या नसा कातडीसारख्याच पत्ता नेमका सांगणाऱ्या. मग दुखणं उजवीकडे खाली सरकतं. बेंबी आणि उजव्या बाजूला खुब्याच्या वर पुढे येणारं हाडाचं टोक यांना जोडणारी रेघ काढा. हाडाकडून एक तृतीयांश अंतरावरचा बिंदू दाबला की ओरडायला होतं. १८८९ साली मॅकबर्नी या न्यूयॉर्कच्या सर्जनने ही जागा नोंदवली, अजून त्याच्याच नावाने ओळखतात.

चंद्रकोर

अरे देवा! माझं पित्ताशय दुर्बिणीने काढलं तेव्हा पोट कमी आणि उजवा खांदा जास्त दुखत होता. सिस्टरना म्हटलं टेबलावर हात वेडावाकडा ठेवला होता का? त्या हसल्या, गॅस आहे म्हणाल्या. मला वाटलं नेहमीसारखी आपली बोळवण. खांद्यात कुठला गॅस!

भूलथाप

मी पेशाने भूलतज्ज्ञ. बोळवण नव्हती हो ती.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, नाहीतर आत काही दिसणार नाही. शेवटी तो काढतात, पण थोडा राहतो आणि श्वासपटलाच्या खालच्या बाजूला साठून तिथे चुरचुर करतो. आता श्वासपटलाची नस येते कुठून? मानेतून. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मानेच्या पातळीतून. गर्भात हा पडदा मानेपाशी तयार व्हायला लागतो आणि छाती वाढत जाते तसा खाली सरकतो. नस जुन्या घराचीच राहते. खांद्याच्या कातडीची संवेदनाही याच पातळ्यांतली. म्हणून गॅस श्वासपटलाखाली आणि दुखणं खांद्यात. एक-दोन दिवसांत शरीर तो शोषून घेतं.

अपघातात डाव्या बाजूला मार लागून प्लीहा फाटली आणि रक्त श्वासपटलाखाली साठलं तर डावा खांदा दुखतो. खांद्याला खरचटलंही नसतं. अपघात विभागात नवे डॉक्टर इथे फसू नयेत म्हणून हे पहिल्यांदा शिकवतात.

मानेच्या वरच्या भागात मणका मोडून मज्जारज्जू तुटला तर श्वास थांबतो आणि त्याच्या खाली, सहाव्या-सातव्या पातळीला तुटला तर हातपाय जातात पण माणूस स्वतःचा श्वास घेऊ शकतो, त्याचंही कारण ही नस.

दूरदेशी

हे वाचून एकदम जाणवलं की शाळेत 'श्वसनसंस्था', 'पचनसंस्था' असे वेगवेगळे धडे होते. कोण कोणाच्या शेजारी राहतं हे कोणी सांगितलंच नाही. इथे न्यू जर्सीत मुलीच्या शाळेत प्लास्टिकचा धड असलेला पुतळा आहे, अवयव काढून परत बसवायचे. तिला यकृत परत बसवता येत नाही, ते नेहमी उरतं.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, एक विचारू का, रागावू नका. आमच्याकडे पोट दुखलं का बेंबी सरकली म्हणतात. माझी आत्या बेंबीवर तीन बोटं ठेवून ठोका पाहायची. ठोका बेंबीत नसन, बाजूला असन, तर सरकली. मग बेंबीवर दिवा ठेवून वरून तांब्या पालथा घालायचा. तांब्या चिकटून बसे नं पोटाला! मी स्वतः पाहिलं हाय. अन् ठोका खरंच लागतो, तो काय थापा नाही. मंग तो ठोका कशाचा?

सदाशिवपेठी

विज्ञानाच्या धाग्यावर आता हेही. अंधश्रद्धेला खतपाणी घालू नये ही नम्र विनंती.

हाडकुळी

सदाशिवपेठी, प्रश्न उत्तम आहे आणि आत्याबाईंचं निरीक्षण खरं आहे. ठोका असतोच.

हृदयातून निघालेली महाधमनी कण्याच्या पुढून खाली येते आणि कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी दोन्ही पायांसाठी दुभागते. ती जागा साधारण बेंबीच्या पातळीला, किंचित खाली. बारीक माणूस उताणा झोपला आणि पोट सैल सोडलं की पोटाच्या भिंतीतून तिचा ठोका बोटांना लागतो. महाधमनी मध्यरेषेच्या थोडी डावीकडे असते, त्यामुळे ठोका बेंबीच्या नेमका मधे न लागता जरा बाजूला लागणं अगदी सामान्य आहे. अंगावर चरबी असेल तर लागणारच नाही.

बेंबी ही नाळ पडल्यावर राहिलेली खूण. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. जन्मानंतर त्या बंद होऊन आतून दोऱ्यांसारख्या उरतात. शिरेची दोरी यकृताकडे जाते, धमन्यांच्या ओटीपोटाकडे. सरकेल असं तिथे काही नाही. दिव्याने तांब्यातली हवा तापते, दिवा विझून ती गार झाली की आतला दाब कमी होतो आणि कातडी आत ओढली जाते, म्हणून तांब्या चिकटतो. पोटदुखी पुष्कळदा आपोआप थांबते, श्रेय तांब्याला मिळतं. काळजीची गोष्ट एकच: दुखणं अपेंडिक्सचं असेल तर या सोपस्कारात तास निघून जातात.

आणि साठीच्या पुढच्या माणसाला, खास करून सिगारेट ओढणाऱ्याला, बेंबीपाशी मोठा, रुंद धडधडणारा गोळा लागत असेल तर तो ठोका दाबत बसू नका. महाधमनी फुगलेली असू शकते. सोनोग्राफी करून घ्या.

वऱ्हाडी_ठेचा

पटलं बा. आत्याला सांगतो. ऐकणार नाही, पण सांगतो.

गवती_चहा

सगळ्या बायकांच्या मनातला प्रश्न विचारते. सिझरच्या वेळी मणक्यात इंजेक्शन दिलं, तेव्हापासून कंबर गेली ती गेली. माझ्या दोन्ही जावा, बहीण, ऑफिसातल्या मैत्रिणी, सगळ्या हेच सांगतात. भूलथाप, आता तुमची पाळी.

भूलथाप

रोज ऐकतो. उत्तर शरीररचनेतच आहे.

पाठीच्या कण्यात मानेचे ७ मणके (जिराफालाही मानेत ७च!), छातीचे १२, कमरेचे ५, त्याखाली ५ जुळून झालेलं त्रिकोणी हाड आणि शेवटी माकडहाड. कणा आपण बसतो तिथपर्यंत खाली गेलेला असला तरी आतला मज्जारज्जू तेवढा लांब नसतो. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली पाण्यात तरंगणाऱ्या सुट्या नसांचा झुबका असतो. आम्ही सुई त्याच्याही खाली घालतो. जागा शोधायची कशी? दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहा, हाताखाली खुब्याच्या हाडाची कड लागते. दोन्हीकडच्या कडा जोडणारी आडवी रेघ कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. त्याच्या वरची किंवा खालची फट आम्हाला चालते. मज्जारज्जू तिथून बराच वर राहतो आणि सुट्या नसा पाण्यात बाजूला सरकतात.

सुई टोचली तिथे चार-आठ दिवस ठणकतं, ते खरं. पुढे वर्षानुवर्षं राहणाऱ्या कंबरदुखीशी मात्र या इंजेक्शनचा संबंध अभ्यासांत सापडलेला नाही. नऊ महिने पुढे वाढलेलं वजन, सैल झालेले सांधे, ताणून दुबळे झालेले पोटाचे स्नायू, नंतर दिवसातून दहा वेळा वाकून पाजणं आणि बाळाला उचलणं. कंबर का दुखते याला कारणं भरपूर आहेत. नैसर्गिक बाळंतपण झालेल्या बायकांना विचारा, त्यांचीही दुखते. फक्त त्यांना बोट दाखवायला इंजेक्शन नसतं.

गवती_चहा

जावांना लिंक पाठवली. एकीचं उत्तर आलं, "डॉक्टर असंच सांगणार." :)

टेकडीवरचा

कण्याचा विषय निघालाच आहे तर, आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांच्या मणक्यात 'गॅप' आहे. एक्सरेत दिसतो म्हणे. हा गॅप बुजवता येतो का?

हाडकुळी

बुजवायचा कशाला, तो हवाच! दोन मणक्यांच्या मधे कूर्चेची गादी असते, अशा एकूण २३. एक्सरेत हाड दिसतं, गादी दिसत नाही, त्यामुळे तिथे मोकळी जागा दिसते. निरोगी माणसाच्या एक्सरेतही ही जागा असतेच. वयाबरोबर गादीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते आणि मणके जवळ येतात. म्हणजे तक्रार असलीच तर गॅप कमी झाल्याची असते, पडल्याची नव्हे. चाळिशीनंतर थोडं चपटेपण बहुतेकांत दिसतं आणि त्यातल्या अनेकांना काहीही दुखत नसतं. म्हणून नुसता एक्सरे पाहून घाबरू नका.

दिवसभर उभं-बसून राहिल्यावर या गाद्यांतलं पाणी दाबाने बाहेर जातं आणि संध्याकाळी आपण सकाळपेक्षा सेंटिमीटरभर बुटके झालेलो असतो. रात्री आडवं पडलं की भरून येतं. भरतीला उंची मोजायची असेल तर सकाळी मोजा.

सदाशिवपेठी

चर्चा लोकांच्या कंबरदुखीत रुतली आहे. मूळ विषयाकडे येऊ या. हाडं २०६ असं आपण घोकतो. सुश्रुताने ३०० सांगितली आहेत, चरकाने ३६०. मग पूर्वजांनी मोजदाद चुकीची केली असं म्हणायचं का? ज्यांनी शवविच्छेदन सांगितलं त्यांना मोजता येत नव्हतं हे पटत नाही.

हाडकुळी

मोजता येत होतं. काय मोजायचं याचे नियम वेगळे होते. चरकाच्या यादीत दात आणि नखंही आहेत, सुश्रुताच्या यादीत दात आणि कूर्चा. आपण आज दात धरत नाही. सुश्रुताने स्वतःच नोंदवलंय की वेद मानणारे ३६० म्हणतात, पण शल्यतंत्रात ३००च.

त्याची पद्धतही वाचण्यासारखी आहे. प्रेत गवताने गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, संथ पाण्यात आडोशाला सात रात्री ठेवायचं. मऊ झालं की वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू खरवडत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. सुरी न लावता. या पद्धतीने हाडं, सांधे, अस्थिबंध छान दिसणार. नसा आणि बारीक रक्तवाहिन्या मात्र सात दिवसांत कुजून जाणार. त्याच्या ग्रंथात हाडं-सांध्यांचं वर्णन भक्कम आणि नसांचं कच्चं का, याचं मला वाटतं हेच कारण असावं.

२०६ हाही अंतिम आकडा समजू नका. नवजात बाळात २७० ते ३०० सुटे तुकडे असतात, ते जुळत जातात. कुणाला एखादी जादा बरगडी असते, कुणाच्या पायात जादाची बारीक हाडं. २०६ पैकी १०६ नुसती हातापायांच्या पंजांत आहेत, मनगट-घोटा धरून. सगळ्यात शेवटी जुळतं ते गळ्याजवळचं आडवं हाड, त्याचं आतलं टोक पंचविशीच्या आसपास. बीसीसीआय १६ वर्षांखालच्या खेळाडूंचं वय मनगटाच्या एक्सरेवरून पडताळते तेही याच तत्त्वावर. कुठली हाडं तयार झाली आणि कुठली वाढीची फट अजून उघडी आहे हे पाहतात.

सदाशिवपेठी

उत्तर समाधानकारक. पाश्चात्त्यांचं मात्र सगळं बरोबर होतं का, हेही सांगा.

हाडकुळी

छे. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलन माकडं आणि डुकरं फाडून माणसाचं वर्णन करायचा आणि युरोप तेराशे वर्षं त्यावर मान डोलवत राहिला. माणसाचं छातीचं हाड सात तुकड्यांचं, खालचा जबडा दोन हाडांचा, असं बरंच काही. इटलीतल्या पादुआत शिकवणारा वेसालियस स्वतः सुरी हातात घेऊन टेबलापाशी उभा राहिला, आणि १५४३ साली त्याने चित्रांसकट या चुका दाखवून देणारा ग्रंथ छापला. त्याआधी प्राध्यापक उंच खुर्चीवर बसून गेलन वाचणार आणि खाली न्हावी प्रेत फाडणार, अशी रीत होती. समोर दिसतंय ते आणि वर वाचलं जातंय ते जुळत नाही हे कुणी बोलायचं?

आपल्याकडे १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी प्रेताला सुरी लावली. मूळचे वैद्य होते ते, संस्कृत कॉलेजातले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं.

निवांतपणे

अवांतर: वडिलांनी देहदानाचं बोलून ठेवलंय. कॉलेजांना खरंच देह लागतात की आता संगणकावर चालतं? आईला ही कल्पना सहन होत नाही.

हाडकुळी

लागतात. संगणकावर थर सुरेख दिसतात, पण प्रत्येक माणसात धमनी थोडी वेगळी फुटते आणि ते फक्त हाताने सोडवत गेलं की कळतं. एका टेबलावर मुलांचा गट वर्षभर शिकतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी देहाला नमस्कार करूनच सुरुवात होते, टवाळी करणाऱ्याला बाहेर काढतात. आईंना हे जरूर सांगा.

व्यवहाराचं: जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात अर्ज मिळतो. नुसता अर्ज भरून भागत नाही, मृत्यूनंतर फोन करणारे तुम्हीच असता, म्हणून घरच्यांची तयारी हवी. पोस्टमॉर्टेम झालेला किंवा काही संसर्ग असलेला देह सहसा घेत नाहीत. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं, ते केल्यावरही देहदान बहुतेक ठिकाणी करता येतं. आधी विचारून ठेवा.

खडीसाखर

नर्सबाई इंजेक्शन कमरेवर देताना नेहमी वर आणि बाहेरच्या बाजूला का देतात? आणि बाळांना मांडीत का? हेही पत्त्याचंच प्रकरण का?

भूलथाप

अगदी. पुठ्ठ्याच्या (कुल्ल्याच्या) मधून आणि खालून शरीरातली सगळ्यात जाड नस पायाकडे जाते, सुरुवातीला जवळपास दोन सेंटिमीटर रुंद. तिला सुई लागली तर पाऊल लुळं पडू शकतं. पुठ्ठ्याचे मनाने चार भाग केले की वरचा बाहेरचा भाग तिच्यापासून दूर राहतो. बाळांचा पुठ्ठा म्हणजे चरबीच जास्त, स्नायू तयारच नसतो. त्यामानाने मांडीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू जन्मापासून भरीव, आणि तिथे मोठी नस नाही. मोठ्यांना लस दंडात, कारण बाही वर केली की झालं.

दूरदेशी

शेवटचा प्रश्न, मग झोपतो. मुलगी अडीच वर्षांची. डॉक्टरांनी अख्खे शेंगदाणे देऊ नका म्हणून बजावलंय. आई फोनवरून म्हणते, "तुम्ही भावंडं काय शेंगदाण्यावाचून वाढलात?"

हाडकुळी

डॉक्टरांचं ऐका. श्वासनलिका खाली दोन फुप्फुसांसाठी दुभागते, पण फाटे सारखे नसतात. हृदय डावीकडे झुकल्यामुळे डाव्या फाट्याला आडवं वळण घ्यावं लागतं. उजवा फाटा जास्त रुंद, आखूड आणि उभा. ठसका लागून आत गेलेला शेंगदाणा बहुधा सरळ उजवीकडे उतरतो. त्या वयात दाढा पुरत्या आलेल्या नसतात, मुलं तोंडात घास ठेवून पळतात, हसतात. एकदा जोराचा ठसका लागून गेला आणि नंतर खोकला, शिट्टीसारखा आवाज राहिला, तर मूल खेळतंय म्हणून थांबू नका. डॉक्टर दोन्ही बाजूंचा श्वास तपासून पाहतील.

आईंना म्हणावं, दाण्याचं कूट चालतं.

दूरदेशी

कूट पाठवतेच ती पार्सलने. :) धन्यवाद ताई.

हाडकुळी

पुढच्या धाग्यात हात आणि पाय घेईन. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या का जातात इथून सुरुवात करू. ज्यांच्या घरी जुना बोनसेट (अभ्यासासाठीच्या हाडांचा संच) पडून असेल त्यांनी तो माळ्यावरून काढून ठेवा.